एक पाटा जास्तीचा

खामगावच्या बाजारात विळे-कोयते मांडून बसलेल्या घिसाडी बाईला भाव विचारला, तर ती आधी भाव सांगत नाही. पात्यावर नखाने टिचकी मारते, टण्ण आवाज ऐकवते आणि म्हणते, "पाट्याचा हाये, भाऊ." झालं. यापुढे लोखंडाची चौकशी नाही, फक्त घासाघीस.

हा पाटा वरवंट्याखालचा नव्हे. ट्रकच्या, जीपच्या पोटाखाली पोलादी पट्ट्यांची जी चळत असते, वर लांब आणि खाली आखूड होत गेलेली, तिच्यातली एक पट्टी म्हणजे पाटा. शिकलेली माणसं तिला लीफ स्प्रिंग म्हणतात. जुन्या मराठीत शब्द होता कमान. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. दाबलं की सपाट होणारं आणि सोडलं की पुन्हा वाकणारं काहीही आपण कमानीत जमा केलं. घड्याळात कमान, टांग्याखाली कमान. मिस्त्रीने मात्र वाक सोडला नि पट्टी धरली, म्हणून पाटा. दोघांचं भांडण मिटवायला 'कमानपाटा' असा जोडशब्दही चालतो. वरची 'चासी' फ्रेंच. तिकडे तिचा अर्थ नुसती चौकट, अगदी खिडकीचीसुद्धा. इराणी धनुष्य आणि फ्रेंच चौकट एका पिनेने जोडून आपले ट्रक राजूरचा घाट चढतात.

आपल्या बैलबंडीला ही चैन कधीच नव्हती. 1870मध्ये जलंब-खामगाव रेल्वेचा फाटा झाला तेव्हाही कापूस बाजारात यायचा तो बंडीनेच, आणि बंडीचा साटा थेट आसावर बसलेला. खडा लागला की तो आसाला लागला, साट्याला लागला आणि धुरकऱ्याच्या माकडहाडाला लागला. शंकरपटाची छकडीही बिनकमानीचीच, पण तिथे पळतात बैल, गाडीचं फक्त वजन कमी असलं की भागतं.

कमान गाडीखाली नीट बसली ती इंग्लंडात. 1804च्या सुमारास ओबाडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं. त्याआधी बग्गीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेली असे आणि खालून एक जाड लाकडी दांडा पुढचा-मागचा आस बांधून ठेवी. इलियटने कमानी आस आणि पेटी यांच्यामध्येच घातल्या आणि तो दांडा काढून टाकला. गाडी हलकी झाली. पाट्याची खरी हुशारी इथे आहे, आणि लोक ती विसरतात. तो नुसता धक्का खात नाही, चाकाला जागेवरही धरून ठेवतो. वजन पेलायचं, आस पुढे-मागे सरकू द्यायचा नाही, आणि पट्ट्या एकमेकींवर घासून उसळी जिरवायची, अशी तीन कामं एका वस्तूत.

हेन्री फोर्डने 1908च्या मॉडेल टीमध्ये पाटा आडवा बसवला. जू जसं दोन बैलांवर आडवं, तसा दोन चाकांमध्ये एकच पाटा. ही रीत फोर्डने चाळीस वर्षं सोडली नाही. याच गाड्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत हातभट्टीची दारू वाहणाऱ्यांच्या आवडत्या. डिकीत शेकडो बाटल्या किंवा डबे भरले की गाडीचं बूड बसतं, आणि बूड बसलेली गाडी पोलिसाला लांबून ओळखू येते. मग हे लोक मागचा पाटा ताठ करत, जास्तीची पट्टी घालत. भरलेली गाडी सरळ दिसे आणि वळणावर कलंडत नसे. रिकामी मात्र मागून उंच, लाथ मारायला निघालेल्या गाढवासारखी. शहाणे पोलीस तेही ओळखायला शिकले.

19 जून 1949. त्याच दक्षिणेतल्या शार्लट गावच्या मातीच्या धावपट्टीवर नॅसकार या नव्या संस्थेने 'जशी दुकानात मिळते तशीच' गाडी पळवायची पहिली शर्यत भरवली. स्टॉक कार या नावाचा अर्थच तो. पहिला आला ग्लेन डनवे, 1947च्या फोर्डमध्ये. शर्यतीनंतर गाडी उचलून पाहिली, तर मागच्या कमानीत फेरफार; दारूवाल्यांचीच युक्ती. डनवे बाद झाला, बक्षीस लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला गेलं. त्या फोर्ड गाडीचा मालक कोर्टात गेला, दावा फेटाळला गेला. या खेळाचा पहिला निकाल फिरला तो पाट्याने, ही गोष्ट मला फार आवडते. इंजिनाच्या घोड्यांवर पानंच्या पानं लिहिणारे लोक गाडीखाली वाकून बघायला विसरतात.

पुढची काही वर्षं खेळ चासीचाच होता. हडसन हॉर्नेट या गाडीची फरशी चौकटीच्या दांड्यांवर न बसवता त्यांच्या मध्ये खाली उतरवलेली. गाडी जमिनीला चिकटून वळायची. 1952 साली 34पैकी 27 शर्यती हडसनने मारल्या.

पण वेग वाढला तसा पाट्याचा एक दोष उघडा पडला. इंजिनाचा जोर एक्सलला फिरवतो, एक्सल पाट्याला पिळतो आणि सरळ पट्टीला एसच्या आकाराचा पीळ बसतो. पीळ सुटला की चाक थडथडतं. शर्यतवाल्यांनी उपाय शोधला तो कुठल्या उंची गाडीत नव्हे, शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकमध्ये. 1960 ते 1972च्या त्या ट्रकला मागे गोल स्प्रिंगा होत्या आणि एक्सल धरायला पुढून आलेले दोन लांब दांडे. आडवं सरकणं रोखायला एक तिरपी सळई. ही जोडणी इतकी रुळली, की फोर्डच्या शर्यतीच्या गाडीखालीही शेव्हरोलेच्या ट्रकचेच हात असत. 1987 साली बिल एलियटने टॅलाडेगाला ताशी 342 किलोमीटरचा वेग गाठला, तोही असल्याच अखंड एक्सलवर. नॅसकारच्या मुख्य शर्यतींत हे दांडे 2021पर्यंत टिकले. शेतमाल वाहायला केलेली वस्तू कित्येक दशकं शर्यतीत पळाली, आणि कुणाला लाज वाटली नाही.

पाटा आपल्याकडे घरोघरच्या माहितीचा झाला तो जीपमुळे. 1941च्या विलिस जीपला पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाटे. ब्रेक लागला की पुढचा एक्सल पिळून स्टिअरिंग ओढायचं, म्हणून पुढच्या डाव्या बाजूला एक जास्तीचा पाटाही दिलेला. म्हणजे खुद्द कारखान्यानेच मिस्त्रीगिरी केलेली. 1947पासून महिंद्राने मुंबईत या जीपा जोडायला घेतल्या. पुढे त्याच वंशातल्या लांब चासीच्या गाड्या वऱ्हाडात काळी-पिवळी झाल्या आणि जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे माणसं, कोंबड्या, सरकीची पोती वाहू लागल्या.

आणि इथेही तेच झालं. गाडी घेतली की मालक पहिल्यांदा देवळात जायचा, दुसऱ्यांदा पाटेवाल्याकडे. "एक पाटा वाढवून द्या." शार्लटच्या दारूवाल्याचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. त्याला फक्त दहाच्या जागी सतरा बसवायचे असतात आणि बूड बसलेलं साहेबाला दिसू द्यायचं नसतं. किंमतही तीच. भरल्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही, रिकामी गाडी परतताना प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला.

मलकापूर-खामगाव रस्त्यावर टायरवाल्याच्या शेजारी हमखास एक पाटेवाला असतो. बसलेले पाटे तो खोलतो, एकेक ऐरणीवर आडवा धरून घणाने थंडच ठोकतो, वाक परत आणतो. बोटभर अंतराने एकसारखा ठोका, मधे थांबून जुन्या पाट्याला लावून पाहायचं. मग चळत रचून मधल्या भोकातून सेंटर बोल्ट, वरून यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा भार त्या मधल्या भोकावर येतो. बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी कुत्रं चालतं तशी तिरकी चालू लागते. आमच्या ओळखीच्या एकाची जीप अशी तिरकी चिखलीपर्यंत आली होती. त्याला वाटत होतं, रस्त्याला उतार आहे.

पाटा तुटतोही बहुतेक त्या भोकाशीच. तुटलेला भंगारात, आणि भंगारातून घिसाड्याच्या भात्यावर. पाट्याच्या पोलादात कर्ब अर्धा-पाऊण टक्क्याच्या दरम्यान. साध्या पत्र्याला धार टिकत नाही, याला टिकते. पेरणीच्या आधी गावाबाहेर पाल पडलं की बायको घण मारते, नवरा सांडशीत तापलेला तुकडा फिरवतो. लाल झालेलं पातं तो सगळं बुडवत नाही, धारेपुरतं पाणी पाजतो. सगळं पाजलं तर पहिल्याच खोडावर काच फुटल्यासारखं फुटेल.

परवा घेतलेल्या कोयत्याच्या पाठीला, मुठीपासून चार बोटांवर, अर्धगोल खाच आहे. मी बाईला म्हटलं, ही खोट आहे, दहा रुपये कमी कर. तिने त्या खाचेत करंगळी घालून दाखवली. "बोल्टाचं भोक हाये ते," ती म्हणाली, आणि दहा रुपये काही कमी केले नाहीत.