गोंदूरची पटाशी

खंडेनवमी. साल 1935. धुळ्याजवळचं गोंदूर. सुताराच्या पडवीत वाकस, रंधा, करवत, पटाशी ओळीने मांडलेली; प्रत्येकावर हळदकुंकू. तुम्ही वाकून पटाशी उचलता. "हात नको लावू, भो!" वंजी सुतार ओरडतात. त्यांच्यामागे उभा असलेला त्यांचा दहा वर्षांचा राम टक लावून तुमच्या मुठीकडे पाहतोय. मूठ तापते. सागाचा वास विरून जातो.

तुम्ही वेरूळच्या लेण्यात आहात, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर. मुठीतली पटाशी आता दगडाची छिन्नी झालीय. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून सुवर्णपदक घेऊन आलेला राम सुतार पुरातत्त्व खात्यासाठी भंगलेली शिल्पं दुरुस्त करतोय. बाराशे वर्षांपूर्वीचे घाव भिंतीवर अजून दिसतात. त्यातल्या एकात छिन्नीचं टोक टेकवून पाहा. ती आपोआप त्या जुन्या कारागिराच्या कोनात वळते. हात तुमचा, वळण त्याचं.

पुन्हा मूठ तापते. चंबळ नदी, गांधीसागर धरण. समोर काँक्रीटचा 45 फुटी ठोकळा. परांचीवरचा राम सुतार सरकारी नोकरी सोडून आलाय. काँक्रीट दगडाइतकं शहाणं नाही. खडी कधी निखळेल याचा नेम नाही. धूळ तुमच्या घशात, झिणझिण्या कोपरापर्यंत. छिन्नी मात्र थांबू देत नाही. ठोकळ्यातून चंबळमाता बाहेर येते, सोबत तिची दोन मुलं : मध्य प्रदेश आणि राजस्थान.

मग वर्षं भराभर सरकतात. सुतारांच्या हातचे देशोदेशीचे गांधी-पुतळे, संसदेतले गांधी.

31 ऑक्टोबर 2018, केवडिया. 182 मीटरचे सरदार पटेल. आधी 30 फुटी ब्राँझची प्रतिकृती झाली. तिचं मोजमाप घेऊन संगणकाने ती वाढवली, ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. चेहऱ्यावरचा करारीपणा सुतारांचाच. पण तुमच्या मुठीतली छिन्नी इथे गार पडते. एवढ्या उंचीवर तिला घाव घालायला जागाच उरलेली नाही.

डिसेंबर 2025मध्ये राम सुतार गेले, शंभरी ओलांडून. सरदारांना बघायला खानदेशातून सहली निघतात, निघाव्यातही. पण एकदा धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर गाठा, पुढे मंदसौर, आणि गांधीसागरची ती आई पाहून या. गोंदूरच्या पोराचे हात तिथे थेट लागले आहेत.