कार्बनग्रहण व भूसंचय : शासकीय धोरण आणि पनवेल परिसर

औष्णिक विद्युत् केंद्राच्या धुरातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू वेगळा काढणे व तो दाबाखाली खोल खडकांत कायमचा कोंडणे, या तंत्रास कार्बनग्रहण व भूसंचय म्हणतात. शासकीय पाठबळावाचून ते रुजत नाही, कारण त्यात केंद्राच्याच विजेचा बराच वाटा खर्ची पडतो आणि कोंडलेल्या वायूला गिऱ्हाईक नसते. नॉर्वेने 1991 मध्ये समुद्रातील तेल व वायू उत्पादनावर कर बसविला. 1996 मध्ये स्लाइप्नर क्षेत्रात भूसंचय सुरू झाला. अमेरिकेने 2008 मध्ये करसवलतीचा मार्ग पतकरला.

भारतात आरंभ संशोधनाने झाला. कार्बन सीक्वेस्ट्रेशन लीडरशिप फोरम या 2003 मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मंचाचा भारत संस्थापक सदस्य होता. त्याच दशकात हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था व राष्ट्रीय औष्णिक वीज निगम यांनी पश्चिम भारतातील बेसाल्टाचा अभ्यास हाती घेतला. दख्खनचा हा खडक सु. 5 लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापतो. पाण्यात विरघळलेला वायू बेसाल्टातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी संयोग पावून कार्बोनेट खनिजे बनतात; आइसलँडमध्ये 2012 साली सोडलेल्या वायूपैकी बहुतेक दोन वर्षांच्या आत असा दगड झाला.

पनवेलच्या आसपास मात्र प्रश्न इतका सरळ नाही. सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले लाव्ह्याचे थर कोकणपट्टीत पश्चिमेकडे झुकतात. या वाकास भूवैज्ञानिक पनवेलचेच नाव देतात. त्याच्या पट्ट्यात भेगा व भित्ती विपुल आहेत. वज्रेश्वरी, उन्हेरे येथील उष्ण झरे खोल पाण्याला वर येण्याची वाट मिळते हेच दाखवितात. पाण्याला सापडलेली वाट वायूला सापडणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय जवळचे उरणचे 672 मेवॉ. क्षमतेचे केंद्र नैसर्गिक वायूवर चालणारे असून अशा धुरात कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण कोळशाच्या धुरापेक्षा कमी असल्याने ग्रहण अधिक महाग पडते.

खर्च व भूसंचयाचा टिकाऊपणा यांविषयीची शंका केंद्र शासनाच्या 2008 च्या हवामान कृतियोजनेतही व्यक्त झाली. तिच्या आठ अभियानांत या तंत्राला स्थान नव्हते. नीती आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या अहवालाने दिशा बदलली व प्रारंभी करापेक्षा सवलतींवर भर दिला. बेसाल्टाची संचयक्षमता 97 ते 316 अब्ज टन मानली जाते. हा अंदाज गणिती आहे, विहिरींतील प्रयोगांचा नव्हे. त्याच्या दोन टोकांतील तिपटीहून अधिक अंतर पुरेसे बोलके आहे. 2022 मध्येच विंध्याचल केंद्रात रोज 20 टन वायू पकडणारा संच सुरू झाला, परंतु तो वायू जमिनीत न कोंडता मिथेनॉल बनविण्यासाठी वापरण्याची योजना होती.