करवलीचें वय

गेल्या वर्षीं सांगलीस एका विद्यार्थिनीच्या लग्नास गेलों होतों. वधूच्या पाठीशीं करा घेऊन उभ्या असलेल्या मुलीस एका आजीबाईंनीं विचारलें, “तूं नात्यानें कोण गं?” ती म्हणाली, “नात्यानें कोणी नाहीं, आजी, मैत्रीण.” आजीबाईंना उत्तर पटलेलें दिसलें नाहीं. करवली, किंवा खेड्यांतील बोलींत कलवरी, ही बहीणच असावयाची, हा त्यांच्या पिढीचा अनुभव.

तो कां, हें जुन्या सातारा जिल्ह्यांतील दोन मुलींच्या चरित्रांवरून कळतें. आष्टें व देवराष्ट्रें हीं त्यांचीं गांवें आज सांगली जिल्ह्यांत आहेत. आष्ट्यास १८६१ सालीं जन्मलेल्या काशीबाई कानिटकरांचें लग्न नवव्या वर्षीं झालें. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची कन्या १८७३ मध्यें, अकराव्या वर्षीं, महादेव गोविंद रानडे यांची पत्नी झाली. रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. वडील लग्न लावून परत गेल्यावर, आपलें लग्न कोणाशीं झालें हें ठाऊक आहे काय, असें पतीनें विचारल्याचा प्रसंग त्यांत आहे.

अशा वधूची मैत्रीण करवली कशी व्हावी? बरोबरीच्या मुली त्याच सुमारास निरनिराळ्या गांवीं दिल्या जात. मंडपांत उरे ती धाकटी बहीण. सासरीं सोबत गेलेली पाठराखीण चार दिवसांनीं परते, आणि माहेरच्या मैत्रीचा धागा तेथेंच तुटे.

पुण्यांत १८८२ सालीं आर्य महिला समाज निघाला, तेव्हां सासुरवाशिणींना एकमेकींशीं बोलावयास जागा मिळाली. रमाबाईंना त्यापायीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांचीं बोलणीं सोसावीं लागलीं. काशीबाईंनीं पुढें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहिलें. एका स्त्रीनें दुसरीच्या पाठीशीं उभें राहण्याचाच तोही एक प्रकार.

मैत्री जुळावयास व टिकावयास वर्षें लागतात. तीं शाळेनें दिलीं, आणि कायद्यानेंही. शारदा कायद्यानें १९२९ सालीं मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. तें १९४९ मध्यें पंधरा व १९७८ मध्यें अठरा झालें. कायदा मोडणारे पुष्कळ निघाले, हेंही खरें.

आजीबाईंना हें सारें सांगावें असें मनांत आलें होतें. पण तेवढ्यांत मंगलाष्टकें सुरू झालीं, आणि त्यांनींच आपल्या हातांतील अक्षता त्या मुलीच्याही डोक्यावर टाकल्या.