बाळापूरचा एक नुक्ता

बाळापूरच्या किल्ल्याविषयी एक वाक्य अनेक ठिकाणी छापलेले आढळते. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने 1721 मध्ये बांधकाम सुरू केले आणि 1757 मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने ते पूर्ण केले. आझमशाह 1707 मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. म्हणजे दोन्ही आकडे आणि नाव एका वाक्यात बसत नाहीत, तरी ते वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात सुखाने जात राहिले. मन आणि म्हैस नद्यांच्या बेचक्यातल्या त्या दरवाजासमोर उभे राहून लेख स्वतः वाचायचा, एवढाच माझा हट्ट होता.

लेख उंचावर. शिडी लावायची परवानगी नाही, आणि नसावीच. म्हणून कॅमेरा आतच बसवलेला स्पॉटिंग स्कोप घेतला. पक्षी पाहणाऱ्यांचे हे यंत्र. 1999 च्या सुमारास मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी स्कोपच्या नेत्रिकेला डिजिटल कॅमेरा लावला, आणि त्या छंदाला ‘डिजिस्कोपिंग’ असे नाव मिळाले. आता कॅमेरा स्कोपच्याच पोटात गेला आहे.

पहिल्या खेपेची सगळी छायाचित्रे धूसर आली. डोळ्याला मात्र अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होते! कारण कळायला दोन खेपा लागल्या. माझ्या स्कोपमध्ये आत आलेल्या प्रकाशाचा काही भाग नेत्रिकेकडे जातो, काही कॅमेऱ्याच्या संवेदकाकडे. मोठे फोकस कडे दोघांनाही लागू. नेत्रिकेवरचे डायऑप्टर कडे फक्त डोळ्याला. डोळा शिवाय थोडी तडजोड स्वतःच करून घेतो, संवेदक करत नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करून मोठे कडे फिरवायचे, दगडाची कड धारदार झाली की त्याला हात लावायचा नाही, आणि मग डायऑप्टरने डोळ्याला त्याच्याशी जुळवायचे. माझा डोळा पन्नाशीपलीकडचा असल्याने ही जुळणी प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. बटण बोटाने दाबायचे नाही, टायमर लावायचा. तिपाईच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवायची.

भिंगाला दोष देणे सोपे होते, पण हिशेब तसे म्हणत नाही. 70 मिलिमीटरचे वस्तुभिंग तत्त्वतः तीस मीटरवरून पाव मिलिमीटरचा भेद दाखवते. नुक्ता त्याहून कितीतरी मोठा. मग उरते हवा. वऱ्हाडात नऊनंतर दगड तापतो आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखे थरथरते. तेव्हा कडे कितीही फिरवा. याच वऱ्हाडात, एलिचपूरजवळ टाकळखेड्याला, लॅम्बटनच्या सर्वेक्षणाची एक आधाररेषा मोजली गेली. लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला आणि काम एव्हरेस्टकडे आले. दिवसा दूरच्या खुणा थरथरतात, म्हणून तो रात्री दिवे लावून निरीक्षणे घेई. मला रात्र उपयोगाची नव्हती. अक्षरांची सावली पडायला तिरपे ऊन हवे. सूर्योदयानंतरचा अर्धा तास, एवढीच फट.

एवढा आटापिटा एका टिंबासाठी, कारण फारसी लिपीत सारा भार टिंबांवर असतो. एक नुक्ता वर की खाली, एक की दोन, यावर ब, त, न ठरतात. अंकांत तर शून्य म्हणजेच टिंब. 1757 चा बहुतेक काळ हिजरी 1170 मध्ये येतो. त्यातले शेवटचे टिंब चुन्याने बुजले तर उरतात 117.

पहिल्या धूसर छायाचित्रावरून मी एका शब्दावर दोन नुक्ते वाचले होते, आणि त्यावर चार पाने लिहूनही टाकली होती. ओळखीच्या एका मौलवीसाहेबांना दाखवले. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, “भाऊ, हा दुसरा नुक्ता दगडाचा आहे की तुमच्या फोटोचा?”

तिसऱ्या खेपेला साडेसहाला तिपाई मांडली. पडद्यावर आधी वरचा नुक्ता आला: गोल, खोदकाराच्या हातचा, खाली बारीक सावली असलेला. शेजारचा पांढरा, चपटा, सावली नसलेला. चुन्याचा थेंब. चार पाने मी त्याच दिवशी रद्द केली. 1721 आणि आझमशाह यांचा गुंता त्याने सुटलेला नाही. त्यासाठी आता अभिलेखागारातल्या जुन्या दप्तरांकडे जायचे आहे, आणि तिथे टिंबांवर बुरशी असते म्हणतात.