सॉकेट ए प्रक्रियकांचे हीटसिंक
सॉकेट ए (सॉकेट ४६२) ही एएमडी कंपनीने २००० साली आणलेली प्रक्रियकाची खोबण होय. तीत बसणाऱ्या अ‍ॅथलॉन व ड्युरॉन प्रक्रियकांवर धातूचे आच्छादन नसून सिलिकॉनचा गाभा उघडाच असतो. त्यामुळे हीटसिंक तिरपा दाबला गेल्यास गाभ्याचे कोपरे तुटतात. हीटसिंकचा भार सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या आकड्यांवर येत असल्याने त्याचे वजन ३०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी एएमडीची शिफारस होती. बसवताना गाभ्यावर उष्णतावाहक लेपाचा पातळ थर द्यावा, तळाची खाच सॉकेटच्या उंचवट्यावर आणून हीटसिंक सपाट टेकवावा व मगच क्लिप अडकवावी. या खोबणीतील आरंभीच्या अ‍ॅथलॉनमध्ये तापमानसंवेदक नव्हता; हीटसिंकविना संगणक सुरू केल्यास असा प्रक्रियक काही सेकंदांतच जळतो.