वॉरंटी गेली तेल लावत!

फोटोग्राफीचा नाद असलेल्या मंडळींना एक अनुभव हमखास येतो. स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो प्रिंट काढून आणला की मेल्यासारखा दिसतो. पोर्टफोलिओ घेऊन कुणाकडे जायचं तर असल्या प्रिंट चालत नाहीत. १९८० च्या दशकाअखेरीस हीच अडचण एका रॉकस्टारला आली आणि त्यातून जे घडलं, तो आम्हा इंजिनिअर लोकांच्या फार जिव्हाळ्याचा इतिहास आहे.

हा रॉकस्टार म्हणजे ग्रॅहॅम नॅश, 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश'मधला. गडी गाण्याइतकाच फोटोवेडा. १९९० मध्ये त्याने जमवलेला जुन्या फोटोंचा संग्रह सदबीजच्या लिलावात वीस लाख डॉलरच्या वर गेला, यावरून अंदाज घ्या. तो स्वतःचे फोटो स्कॅन करून मॅकिंटॉशवर त्यांच्याशी खेळत बसायचा. पण संगणकातून ते कागदावर आणायचे कसे? डार्करूमच्या तोडीचा प्रिंटर तेव्हा नव्हताच.

होतं ते एक भलतंच यंत्र, आयरिस ३०४७. किंमत १,२६,००० डॉलर! ते छापखान्यांसाठी बनवलेलं. हजारो प्रती छापण्याआधी रंग कसे येतील ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, की याचं काम संपलं. यात कागद एका ड्रमवर गुंडाळतात. ड्रम गरागरा फिरतो आणि बारीक नळ्यांतून शाईचे थेंब अखंड उडत राहतात. नको असलेल्या थेंबांना विद्युतभार देऊन बाजूला वळवायचं, उरलेले कागदावर. रेझोल्यूशन फक्त ३०० डीपीआय, पण एका ठिपक्यात किती थेंब टाकायचे ते बदलता येत असल्याने छटा अतिशय मऊ यायच्या.

डिस्नेमधला इंजिनिअर डेव्हिड कून्स याने आयरिस यंत्रावर नॅशचे कृष्णधवल फोटो छापून दाखवले. मग नॅशने स्वतःच एक आयरिस घेतलं. बँडच्या दौऱ्यांची व्यवस्था बघणारा मॅक हॉलबर्ट सोबतीला आला. पण जाड वॉटरकलर कागद यंत्रात जाईना. यांनी काय करावं? सरळ हॅक्सॉ घेतला आणि सव्वा लाख डॉलरच्या मशीनचा अडणारा भाग कापून टाकला! वॉरंटी गेली तेल लावत. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला 'नॅश एडिशन्स' सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या जॅक डुगानने या प्रिंटना 'झिक्ले' हे फ्रेंच वळणाचं नाव दिलं. 'इंकजेट' म्हटलं की गॅलरीवाले नाक मुरडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं :)

इथवर सगळं छान. पण एक बग राहिला होता, आणि तो साधासुधा नव्हता. आयरिसची शाई होती डाय, म्हणजे द्रवात साखरेसारखी विरघळलेली. छापखान्याचा नमुना आठवडाभर टिकला तरी पुरे, पण हौसेने भिंतीवर लावलेली प्रिंट काही वर्षांतच फिकी पडू लागली तर? हेन्री विल्हेल्मसारख्या संशोधकाने शाई-कागदाच्या जोड्या तीव्र प्रकाशात ठेवून हे आकड्यांत मांडलं.

उत्तर होतं पिगमेंट शाई. पिगमेंट विरघळत नाही, गेरूसारखे त्याचे कण असतात. प्रकाश वरच्या थरावर मारा करतो, आतला रंग शाबूत राहतो. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू अजून दिसतो तो उगीच नाही! २००० साली एपसनचा २०००पी हा पिगमेंट शाईचा प्रिंटर आला आणि टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून टिकाऊ प्रिंट निघू लागली. पुढे नॅश एडिशन्सही एपसनकडे वळलं. त्यांचं ते कापलेलं आयरिस २००५ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं.

मला यातली गंमत अशी वाटते की आयरिस बिघडलेलं नव्हतं. ज्या कामासाठी बनवलं ते काम ते चोख करत होतं. बदलली होती ती रिक्वायरमेंट: 'आज दाखवायचं' ऐवजी 'नातवंडांना दाखवायचं'. आमच्या धंद्यात निम्मे बग असेच जन्माला येतात.

असो. पोर्टफोलिओसाठी प्रिंट काढायला जाल तेव्हा लॅबवाल्याला मेगापिक्सेल, डीपीआय सांगालच. पण आणखी दोन प्रश्न जरूर विचारा: शाई डाय की पिगमेंट? आणि कागद आम्लमुक्त आहे का? उत्तर देताना तो गोंधळला, तर दुकान बदला.