तळटीप : बगॅसची राख आणि रंगाचे पाणी

* लेखकाला येथे साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख अभिप्रेत आहे. मूळ मजकुरातला जत हा कोरडवाहू तालुका असला, तरी भोवतालच्या सांगली-सोलापूर ऊसपट्ट्यात ती मुबलक मिळते. तिच्यातले न जळलेले कार्बनकण सच्छिद्र असतात. सांडपाण्यातल्या रंगाचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग राखेतल्या ऋणभारित सिलिकावर सहज धरतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित, म्हणून हट्टी. इचलकरंजीच्या प्रोसेसिंग कारखान्यांचा, आणि पर्यायाने पंचगंगेचा, अवघड प्रश्न तोच. अशा रंगांसाठी बहुधा पाण्याचा सामू उतरवावा लागतो. मूळ मजकुरात सुटलेली बाब महत्त्वाची आहे : रंग धरलेली राख ओढ्याकाठी टाकली, तर तो रंग पुन्हा पाण्यात उतरू शकतो. — संपा.